वावरातला गोटा, रानातली मूर्ती: विदर्भातल्या जुन्या दगडांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भात गावाबाहेर एखादा जुना कोरीव दगड नाही, असं गाव विरळाच. कुणी त्याला मारोती म्हणतं, कुणी मातामाय, कुणी नुसताच 'जुना गोटा'. शाळेतली पोरं, वावराचे मालक, नवे सरपंच आणि हल्ली मोबाइल घेऊन रानात शिरणारे व्हिडिओवाले जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी कुठल्या सरकारी खात्यात नाही, दगड बघत हिंडायची खोड आहे एवढंच. तेव्हा कायद्याच्या बाबतीत शेवटचा शब्द तहसील कार्यालयाचा आणि पुरातत्त्व खात्याचा.

आमच्या रानात नाल्याकाठी मूर्ती पडल्या आहेत. आसपास गाव नाही, देऊळ नाही. मग त्या आल्या कुठून?

आज गाव नाही म्हणजे कधीच नव्हतं, असं नाही. तलाठ्याच्या दप्तरात नावापुढे 'रिठी' असा शेरा असलेले मौजे आपल्याकडे ढिगाने आहेत. रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. शीव आहे, नकाशा आहे, सातबारे आहेत; घर मात्र एकही नाही. दुष्काळ पडला, पटकीची साथ आली, लुटारूंचा त्रास झाला, पाणी आटलं, की गाव उठायचं. माणसं भांडीकुंडी घेऊन निघाली तरी दगडी देव जागेवरच राहायचे. म्हणून पहिला प्रश्न 'ही मूर्ती कुणाची?' हा नकोच. 'हा मौजा कोणता?' हे आधी विचारा.

मग पायाखालची माती बघा. काळ्याभोर रानात मधेच राखट, भुसभुशीत, पांढुरकी जमीन लागली आणि वखराच्या फासेला खापरं, बांगड्यांचे तुकडे, जात्याची फुटकी तळी येत असतील, तर ती पांढरी. म्हणजे जुन्या वस्तीची जागा. जुन्या शेतकऱ्यांना हे सांगावं लागत नाही, त्यांच्या तोंडी तो शब्दच असतो. पांढरी सापडली की निम्मं कोडं सुटलं.

दुसरी शक्यता अशी की देऊळ होतं, पण त्याचे दगड लोकांनी वापरले. जवळच्या विहिरीत वाकून बघा, बोडीच्या (छोट्या तलावाच्या) पाळीवर फिरा, जुन्या वाड्याच्या पायऱ्या बघा. कोरीव पट्टी उलटी बसवलेली दिसली तर समजा, देऊळ तिकडे वाटलं गेलं.

तिसरी शक्यता सगळ्यात वाईट. ती म्हणजे कुणीतरी मूर्ती दुसरीकडून उचलून तिथे आणून ठेवली आणि कुठून आणली हे सांगणारं माणूस आता राहिलं नाही. 'उगम अज्ञात' असं ज्या मूर्तींबद्दल लिहावं लागतं, त्यातल्या कित्येकांच्या बाबतीत मूळचं असं काही गूढ नसतं. दगड हलला आणि त्याचा पत्ता हरवला, एवढंच घडलेलं असतं. पुढच्या बहुतेक उत्तरांत मी याच एका गोष्टीवर पुन्हा पुन्हा येणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

पडीत जमिनीत मोठे गोटे गोल मांडलेले दिसतात. तेही मूर्तींइतकेच जुने का?

पुष्कळदा मूर्तींपेक्षा फार जुने. त्यांना अभ्यासक शिळावर्तुळं म्हणतात. ती इसवी सनाच्या आधीच्या हजार वर्षांतली, लोखंड वापरणाऱ्या लोकांची दफनस्थळं आहेत. नागपूरच्या पश्चिमेला काटोल रोडकडे जुनापाणी आहे, तिथे अशी सुमारे ३०० वर्तुळं नोंदली गेली. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे खोदकाम केलं आणि १८७९ मध्ये त्यावर लेख छापला. पुढे नागपूर विद्यापीठ, डेक्कन कॉलेज, राज्याचं आणि केंद्राचं पुरातत्त्व खातं यांनी माहूरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, भागीमोहारी अशा ठिकाणी नीट उत्खननं केली. प्रा. शां. भा. देव यांचं नाव या कामात पहिलं घ्यावं लागतं.

वर्तुळाची रचना साधारण अशी असते. कडेला माणसाला एकट्याने हलणार नाहीत एवढे गोटे, आत दगडगोट्यांची भर, त्याखाली चिकट काळी माती, आणि त्या मातीत हाडं, काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या. माहूरझरीला तांब्याच्या मुठीचा लोखंडी खंजीर निघाला. तिथेच आणि टाकळघाट-खापाला माणसासोबत घोडेही पुरलेले मिळाले. लोखंडी लगाम आणि तोंडावर घालायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने यांच्यासकट. आपल्या या माळावर अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी आपला घोडा नटवून पुरला होता, हे कळलं की तो माळ पुन्हा पहिल्यासारखा दिसत नाही. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी सापडली. म्हणजे ही माणसं लोखंड आणून वापरत नव्हती, इथेच गाळत होती.

जुनापाणीच्या काही गोट्यांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत. पाऊस पडून गेल्यावर त्यात पाणी साचतं तेव्हा ओळी स्वच्छ दिसतात, एरवी शेवाळात नजर चुकते. त्यांचा ग्रहताऱ्यांशी, दिशांशी काही संबंध असावा का, यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनीही काम केलं आहे. 'विदर्भातली वेधशाळा' असे मथळे मात्र अभ्यासकांचे नाहीत, ते आपल्या पत्रकारांचे.

चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला याच परंपरेतला दुसरा प्रकार दिसतो. उभ्या शिळांवर भलीमोठी आडवी शिळा ठेवून केलेल्या खोल्या. लांबून बघितलं तर राक्षसाच्या पोराने पत्त्याचं घर बांधलंय असं वाटतं.

हे सगळं पांडवांनी एका रात्रीत केलं, असं आमचे आजोबा सांगत. खोटं का?

आजोबांना खोटं ठरवायची गरज नाही. कुणी बांधलं हे विसरलं गेलं की आपल्याकडे काम पांडवांच्या किंवा हेमाडपंताच्या नावावर जमा होतं. हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, हा देवगिरीच्या यादवांचा १३ व्या शतकातला मंत्री. पण आपण ज्यांना डोळे झाकून हेमाडपंती म्हणतो त्यातली कितीतरी देवळं त्याच्या जन्माआधीची आहेत. 'पांडवांचं' असं ऐकलं की मी त्याचा अर्थ एवढाच घेतो: गावाच्या आठवणीपेक्षा दगड जुना आहे. ही माहिती कामाची आहे. कथा लिहून ठेवा, कारण कथेत पुष्कळदा जुनी जागा, जुनी वाट, बुजलेला झरा यांचा उल्लेख अडकलेला असतो.

मूर्ती कशाची, हे घरबसल्या ओळखता येईल का?

सगळं नाही, पण थोडं येईल.

चौकोनी उभा दगड, त्यावर खालून वर तीन-चार कप्पे, खालच्या कप्प्यात आडवा पडलेला किंवा लढणारा माणूस, वर अप्सरा, सगळ्यात वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच माणूस आणि डोक्यावर चंद्र-सूर्य. हा वीरगळ. गाईगुरं वाचवताना किंवा लढाईत मेलेल्या माणसाचं स्मारक. गाईंचा कळप कोरलेला असला तर भांडण कशावरून झालं तेही कळतं. कोपरात दुमडलेला, बांगड्या भरलेला एकटा हात असेल तर सतीचा दगड. चंद्र-सूर्य दोन्हींवर असतात: ते आहेत तोवर ही आठवण राहो, म्हणून.

वीरगळ बहुधा अर्धा जमिनीत रुतलेला असतो. खालचाच कप्पा, जिथे खरी हकिगत कोरलेली असते, तो मातीत. लोकांना दिसतो तो फक्त वरचा पिंडीचा भाग, म्हणून गावोगावी वीरगळांचे महादेव झाले आहेत. झाले तर झाले. पूजा चालू आहे म्हणून दगड टिकला, हेही खरं.

दोन्ही हात सरळ सोडून उभी किंवा पद्मासनात बसलेली, अंगावर वस्त्र-दागिना नसलेली, छातीवर चौकोनी फुलासारखं चिन्ह असलेली मूर्ती जैन तीर्थंकराची. विदर्भात अशा बऱ्याच आहेत आणि त्यातल्या काहींना शेंदूर फासून कुठल्या तरी वेगळ्याच नावाने नारळ फुटतात.

दगडही बघा. बुलडाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ या बाजूला जमीनच काळ्या पाषाणाची, तिथे काळी मूर्ती असणं साहजिक. पूर्वेकडे, नागपूरच्या पुढे आणि चंद्रपूरकडे, वालुकाश्म मिळतो. काळ्या पाषाणाच्या मुलखात तांबूस वाळूच्या दगडाची मूर्ती दिसली तर ती बाहेरून आलेली, मग कुठून आणि कशी, हा धागा धरायचा.

चंद्रपूरचे 'रावण' कोण?

हा प्रश्न मला फार आवडतो. चंद्रपुरात लालपेठला उघड्यावर प्रचंड शिळांतून कोरलेल्या मूर्ती आहेत. त्यातली सगळ्यात मोठी सुमारे २५ फुटांची, दहा तोंडांची. दहा तोंडं दिसली की लोकांनी काय नाव ठेवायचं? रावण. प्रत्यक्षात ती देवी आहे, दशमुखी दुर्गा. बाकीच्यांत नंदी, गणपती, मासा-कासव असे अवतार दिसतात. परंपरेने सांगितलं जातं ते असं: गोंडराजा धुंड्या रामशहाच्या काळात रायप्पा नावाच्या धनिकाने मोठ्या शिवमंदिरासाठी त्या घडवायला घेतल्या, तो वारला आणि काम तिथेच थांबलं. म्हणून त्या जागेला अपूर्ण देवालय असंही म्हणतात.

नाव चुकलं तरी इथे नाव सोडून सगळं हाताशी आहे, ते का? कारण मूर्ती जिथे घडवल्या तिथेच आहेत. एवढ्या वजनाचं कुणी उचलून नेऊ शकलं नाही, हे आपलं नशीब. हाताएवढ्या असत्या तर आज एकेका चौकात एकेक बसली असती आणि सगळ्याच 'अज्ञात' ठरल्या असत्या.

आम्हाला अनेक तोंडांची, विचित्र मूर्ती दिसली. ती कोणत्या धर्माची?

घाईने लेबल लावू नका. विदर्भाला वाकाटक राजघराण्याचा मोठा वारसा आहे. इसवी सनाच्या ४ थ्या-५ व्या शतकातला. त्या काळी देवांची रूपं आजच्या कॅलेंडरसारखी ठरून गेली नव्हती. कुही तालुक्यातल्या मांढळला १९७० च्या दशकात प्रा. अजयमित्र शास्त्री यांच्या देखरेखीखाली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केलं, तेव्हा अनेक मुखांच्या शैव मूर्ती निघाल्या. त्यातल्या काही नेमक्या कोणाच्या यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. पण मूर्ती देवळाच्या अवशेषांसह मिळाल्या, मांढळच्याच परिसरात वाकाटक राजांचे ताम्रपटही मिळाले. त्यामुळे काळ आणि संदर्भ पक्का झाला. वाद उरला तो फक्त नावाचा.

रामटेकजवळच्या मनसरची बसलेली शिवमूर्ती १९७२ मध्ये सापडली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गुबगुबीत पोट, कुरळ्या केसांचा भार आणि गालातल्या गालात हसू. आपल्या मनातल्या जटाधारी महादेवाशी तिचं फारसं जुळत नाही. शेजारच्या छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या ताला इथली मूर्ती तर त्याहून अजब: नाकाच्या जागी सरडा, मिशांच्या जागी मासे, कानांच्या जागी मोर, अंगावर जागोजागी माणसांची आणि प्राण्यांची तोंडं. तिला रुद्रशिव म्हणतात, आणि तेही सोयीसाठी.

मूर्ती किती जुनी हे कार्बन चाचणीने कळत नाही का?

नाही. कार्बन चाचणी पूर्वी जिवंत असलेल्या वस्तूची होते: कोळसा, हाड, धान्य, लाकूड. दगड कोट्यवधी वर्षांचा, त्याच्यावर छिन्नी कधी चालली हे ही चाचणी सांगत नाही. म्हणून दगडासोबत काय मिळालं ते महत्त्वाचं. ज्या थरात मूर्ती होती त्याच थरात चुलीचा कोळसा, खापरं, नाणी असतील तर काळ ठरतो. थर उकरून मूर्ती बाहेर ओढली की काळ ठरवायचा रस्ता बंद.

मग उरते घडण आणि लिपी. वाकाटकांच्या लेखांतली ब्राह्मी चटकन ओळखू येते, कारण बऱ्याच अक्षरांच्या डोक्यावर छोट्या पेटीसारखा चौकोन असतो. पेटिकाशीर्षक लिपी म्हणतात तिला. असा चौकोन दिसला तर तुमच्या गावाचा दगड दीड हजार वर्षांचा असू शकतो, लगेच कळवा.

मूर्तीवर अक्षरं दिसतात. पीठ किंवा खडू भरून फोटो काढू?

नको. पीठ, खडू, चुना, रंग, कोळसा काहीही भरू नका. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा, तिरपं ऊन पडलं की पुसट अक्षरंही उठून दिसतात. दुपारी गेलात तर आरशाने उजेड बाजूने पाडा. ठसा घ्यायचं काम तज्ज्ञांचं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुरालेख शाखा म्हैसूरला आहे, आणि अरबी-फारसी लेखांचं कार्यालय तर आपल्या नागपुरातच आहे.

एक दगड मुद्दाम सांगतो. नागभीड तालुक्यातल्या देवटेकला सापडलेल्या शिळेवर दोन लेख आहेत. एक प्राण्यांना पकडू-मारू नये असं सांगणारा, फार जुना. इतिहासाचे अभ्यासक महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी तो अशोकाच्या काळातल्या धर्माधिकाऱ्याचा मानला. त्याच शिळेवर काही शतकांनी वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या देवस्थानाचा लेख कोरला गेला. शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. १८६३ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय म्हणजेच आपला अजब बंगला. नागपूरला कामाला गेलात की कोर्ट-कचेरी आटोपून तिकडे जाऊन या.

मूर्तीच्या खाली धन पुरलेलं असतं म्हणतात.

नसतं. शिळावर्तुळात हाडं, मडकी आणि गंजलेलं लोखंड असतं. मूर्तीखाली माती असते. तरी दरवर्षी कुठे ना कुठे अमावास्येला खड्डा खणला जातो, मूर्ती फोडली जाते, आणि खणणाऱ्याच्या हाती भोंदूबाबाचं बिल तेवढं पडतं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाने केलेली अमानुष अघोरी कृत्यं गुन्हा ठरवली आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

मला राग येतो तो फोडण्याचा. अनेक गावांत वीरगळाच्या मधोमध पहारीचा घाव दिसतो. आठशे वर्षं ऊन-पाऊस सोसलेला दगड, आणि एका रात्रीत दोन तुकडे.

नांगरताना मूर्ती लागली. आता काय करू?

नांगर थांबवा. बाहेर काढू नका, धुऊ नका, उभी करू नका. जशी आहे तशी फोटोत घ्या. एक फोटो लांबून घ्या, ज्यात झाड, विहीर, धुरा (शेताचा बांध) दिसेल. एक जवळून, शेजारी पट्टी किंवा काडीपेटी ठेवून, म्हणजे आकार कळतो. मोबाइलमध्ये ठिकाण नोंदवा, गट नंबर लिहा. वरून मातीने झाका. मग पोलिस पाटील, तलाठी किंवा तहसीलदार यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच नक्की घ्या, तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही.

नाणी, दागिने, ताम्रपट असं काही निघालं तर १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे. कायदा जुना असला तरी शेतकऱ्याच्या विरोधात नाही. मूळ मालक कुणी निघाला नाही आणि सरकारने वस्तू घेतली नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला. सरकारने घेतली तर किंमत मिळते, वर पाचवा हिस्सा. लपवलं तर मात्र हिस्सा जातो आणि तुरुंगवासही होऊ शकतो.

मूर्ती विकायची बातच काढू नका. १०० वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. घरात असली तर नोंदणी लागते, विकायला परवाना लागतो, देशाबाहेर नेणं खासगी माणसाला बंद.

कळवलं तर सरकार माझं वावर घेईल?

याच भीतीने निम्मे दगड गुपचूप नाल्यात जातात, म्हणून सविस्तर सांगतो. एक मूर्ती सापडली म्हणून कुणाची जमीन जात नाही. जागा 'संरक्षित' करायची तर सरकारला आधी अधिसूचना काढावी लागते, केंद्राच्या कायद्यात हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. बांधकामाला पहिल्या १०० मीटरपर्यंत बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी, हा नियम २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच घातला गेला आणि तो केंद्र-संरक्षित स्मारकांना लागू आहे, तुमच्या धुऱ्यावरच्या वीरगळाला नाही. नागपूर जिल्ह्यातल्या अनेक गावांची शिळावर्तुळं केंद्राच्या यादीत आहेत. तुमचं गाव त्यात आहे का ते आधी बघून घ्या, मगच वावरात घर बांधायचा विचार करा.

हेही सांगायला हवं की कळवूनही कुणी येत नाही, असा अनुभव पुष्कळांना आहे. अर्ज टेबलावर महिनोन्‌महिने पडतो. अशा वेळी जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला गाठा. तिथला एखादा प्राध्यापक फटफटीवर येऊन जातो आणि निदान नोंद तरी होते.

गावाने ठरवलं आहे की रानातली मूर्ती आणून नव्या देवळात बसवायची. चांगलंच ना?

भावना चांगली, पण परिणाम बहुतेकदा वाईट. एका गावात मी बघितलं: ओढ्याकाठची देवी ट्रॉलीत घालून आणली, सिमेंटच्या ओट्यात कमरेपर्यंत गाडली, वर चकचकीत ऑइल पेंट. पायाशी कोरलेलं वाहन आणि भक्तांची छोटी चित्रं सिमेंटखाली गेली. म्हणजे देवी कोण, हे सांगणारा भागच बुजला. आता तिला गावात तीन नावं आहेत आणि तीन नावांवरून दोन गट.

आणायचीच असेल, चोरीची भीती असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याला विचारा. मूळ जागेचे फोटो, मोजमाप आणि दिशा लिहून ठेवा, जागेवर एक खूण करा. सिमेंट नको, रंग नको, फरशी घासायचं ॲसिड तर मुळीच नको. आपल्या परंपरेत शेंदूर आहे, पण त्याच्याखाली काय झाकलं जातं याचं भान ठेवा. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरात भिंतीवर वाकाटककालीन शिलालेख आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या घराण्याविषयी महत्त्वाची माहिती देणारा. शतकानुशतकं लोक त्याच्या समोरून दर्शन घेऊन गेले. तो उजेडात आला १९८० च्या दशकात, भिंतीवरचे चुन्याचे थर काढल्यावर.

खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये म्हणतात. नदीत सोडली तर?

पूजेत नको असेल तर नका ठेवू, पण नदीत नको. वैनगंगेच्या किंवा वर्धेच्या डोहात सोडलेली मूर्ती परत हाती येत नाही. पिंपळाच्या पारावर ठेवा, शाळेच्या व्हरांड्यात ठेवा, खाली लाकडी फळी घाला आणि मागे भिंतीवर लिहा: कुठे सापडली, कधी, कुणाच्या वावरात.

गडचिरोलीत रस्त्याकडेला उभे दगड दिसतात. तेही हजारो वर्षांपूर्वीचे?

बरेचसे नाहीत. भामरागड, एटापल्ली भागात माडिया गोंड आपल्या गेलेल्या माणसांसाठी आजही दगड उभे करतात. तो दगड परवाचा असू शकतो आणि ज्याच्यासाठी उभा केला त्याची लेकरं त्याच गावात असू शकतात. तिथे 'रहस्यमय प्राचीन शिळा' म्हणत व्हिडिओ काढणं म्हणजे कुणाच्या तरी बापाच्या समाधीवर उभं राहून फोटो काढणं. आधी गावात जा, पाटलाला किंवा गायत्याला (गावच्या धार्मिक प्रमुखाला) विचारा, नाही म्हणाले तर परत फिरा. अभ्यासकांना मात्र या चालत्या परंपरेतून जुन्या शिळावर्तुळांमागचा विचार समजायला मदत होते.

जगात दुसरीकडे अशा, कुणी केल्या ते माहीत नसलेल्या मूर्ती आहेत का?

आहेत. इंडोनेशियात सुलावेसी बेटाच्या मध्यभागी बादा नावाचं खोरं आहे. तिथे आणि आसपासच्या खोऱ्यांत शेकडो घडीव दगड विखुरलेत: माणसाच्या आकाराच्या मूर्ती आणि झाकणं असलेले दगडी रांजण, ज्यांना तिथले लोक कलांबा म्हणतात. सगळ्यात उंच मूर्ती पालिंदो, चार मीटरहून जास्त, थोडी कलून भातशेतांजवळ उभी. मोठं डोकं, गोल डोळे, पाय नाहीतच. त्या कुणी आणि कधी घडवल्या, यावर पक्कं उत्तर नाही. आता तिथे संशोधक मूर्तीपेक्षा तिच्या भोवतालची माती, हाडं आणि वस्तीच्या खुणा तपासतात. आपल्याकडे नायकुंडला झालं तेच काम.

परग्रहावरच्या लोकांनी…

नाही.

दगड बघायला कधी जावं?

कापूस आणि तूर निघाल्यावर. माघ-फाल्गुनात रान मोकळं होतं, गवत वाळतं, पांढरीवरची खापरं लांबूनही दिसतात. पावसाळ्यात गवतात काही दिसत नाही आणि दगडाखाली हात घातला तर आत कोण असेल सांगता येत नाही. विंचू तर बाराही महिने. वैशाखात जाऊ नका, वणी-चंद्रपूरकडे दगडाला हात लावता येत नाही इतका तापतो. ताडोबाच्या आसपास एकट्याने जंगलात शिरू नका, वनखात्याला कळवूनच जा. सोबत पाणी, मोजपट्टी, वही आणि गावातलाच एक माणूस घ्या. वावराच्या मालकाला विचारल्याशिवाय धुरा ओलांडू नका. विचारलंत तर तो स्वतःच पुढे होऊन आणखी दोन दगड दाखवेल.